पाठीचा पूल ओळखणारा डॉक्टर

नेरूळमधल्या कोणत्याही जिममध्ये गेलात तरी एक यंत्र हमखास दिसते. वर आडवी लोखंडी दांडी, तिला जोडलेली केबल आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला वजनाच्या प्लेट. बाकड्यावर बसायचे आणि दांडी छातीपर्यंत खाली ओढायची. त्याला लॅट पुलडाउन म्हणतात. पाठ रुंद दिसावी, टी-शर्ट नीट बसावा म्हणून तरुण मंडळी त्यावर घाम गाळतात. पण अपघातात पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या माणसासाठी हाच स्नायू दिसण्यापुरता नसतो. त्याच्या बळावर तो सरळ बसतो, तोल सांभाळतो, खाटेवरून खुर्चीत जातो. त्याला या यंत्राची गरज सगळ्यांत जास्त, आणि नेमके त्याच्यापर्यंत हे यंत्र पोचत नाही. जिम बहुधा पहिल्या मजल्यावर, खाली दुकाने, मधे जिना. वर पोचला तरी यंत्राचे बाकडे जमिनीला पक्के ठोकलेले, तिथे व्हीलचेअर शिरणार कुठून?

या स्नायूचे मोल ज्याने ओळखले आणि त्यावर उपचारांची एक संपूर्ण पद्धत उभी केली, तो डॉक्टर म्हणजे लुडविग गुटमन. पॅरालिम्पिकचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण स्पर्धा भरवणे हा त्याचा मूळ उद्देश नव्हता. त्याला रुग्ण जगवायचे होते.

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तोस्त या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हा भाग जर्मनीत होता, आज तो पोलंडमध्ये आहे. आसपास कोळशाच्या खाणी. १९१७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते खाणकामगारांच्या अपघात रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करत होते. तिथे एक धट्टाकट्टा खाणकामगार दाखल झाला. कणा मोडलेला, कमरेखाली संवेदना नाही. डॉक्टरांनी त्याला पडद्याआड ठेवले आणि त्याच्या कागदपत्रांवर फार वेळ घालवू नकोस, असे या पोराला सांगितले, कारण तो काही आठवड्यांचाच सोबती होता. झालेही तसेच. मरणाचे कारण मोडलेला कणा नव्हता. पाठीला झालेल्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग रक्तात पसरला, आणि तो गेला.

त्या काळी जगभर हीच रीत होती. मज्जारज्जू तुटला की मेंदूचा निरोप खाली पोचत नाही आणि खालची वेदना वर कळत नाही. माणूस तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहतो. हाडाखालची कातडी दबते, तिथला रक्तपुरवठा थांबतो, कातडी मरते आणि जखम हाडापर्यंत जाते. मूत्राशय रिकामे करता येत नाही, लघवी तुंबते, मूत्रपिंडे निकामी होतात. पहिल्या महायुद्धात अशी इजा झालेल्या सैनिकांपैकी बहुतेकांचा अंत असाच झाला. डॉक्टरांनी हे प्राक्तन म्हणून स्वीकारले होते. उपचार म्हणजे प्लास्टरच्या साच्यात निजवून ठेवणे आणि वाट पाहणे.

गुटमन पुढे डॉक्टर झाले, १९२४ मध्ये पदवी मिळाली. ब्रेस्लाऊ शहरात ओटफ्रीड फोर्स्टर या त्या काळच्या नामांकित मज्जातज्ज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केले. शिस्त भयंकर, दिवस लांब. पण मज्जातंतूंचा नकाशा, म्हणजे कुठली नस कुठल्या स्नायूला आणि कातडीच्या कुठल्या पट्ट्याला जाते, हे त्यांच्या बोटांवर बसले ते तिथेच. घाम हा त्यांच्या संशोधनाचा एक खास विषय होता. अंगाचा कोणता भाग घाम गाळतो आणि कोणता नाही, यावरून आत कोणती नस तुटली हे ओळखता येते. हा मुद्दा पुढे नेरूळच्या मे महिन्यात कामाला येणार आहे.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमन ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले, पुढे त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरे आणि प्रार्थनास्थळे जाळली गेली. गुटमन यांनी हुकूम दिला की त्या रात्री दाराशी येणाऱ्या कुणालाही, आजार न विचारता, दाखल करून घ्यायचे. ६४ जण दाखल झाले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी खाटेखाट फिरले, आणि प्रत्येक खाटेपाशी गुटमन यांनी त्या माणसाचा काही ना काही आजार सांगितला. ६४ पैकी ६० जण वाचले. पासपोर्ट काढून घेतला गेला होता, तरी नाझी सरकारनेच त्यांना पोर्तुगालला पाठवले, तिथला हुकूमशहा सालाझार याच्या मित्रावर उपचार करायला. परतीच्या वाटेवर लंडनमध्ये थांबून त्यांनी स्थलांतराची व्यवस्था लावली. मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्सं आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला पोचले. चाळिशीला टेकलेला हा निष्णात डॉक्टर ऑक्सफर्डमध्ये संशोधक म्हणून नव्याने सुरुवात करत होता. रुग्णांना हात लावण्याची मुभा जवळपास नव्हतीच, आणि ते त्यांना आतून खात होते.

संधी आली ती युद्धामुळे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोठी चढाई होणार, कण्याला गोळ्या लागलेले सैनिक शेकड्याने येणार, हा ब्रिटिश सरकारचा हिशोब होता. लंडनपासून साधारण ६० किलोमीटरवर, एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग काढायचे ठरले. दुसऱ्या कुणा डॉक्टरला या कामात रस नव्हता. गुटमन यांनी एकच अट घातली की विभाग आपल्या पद्धतीने चालवू द्यावा. १ फेब्रुवारी १९४४ रोजी काम सुरू झाले.

पहिल्या दिवसापासून त्यांनी प्लास्टरचे साचे फेकून दिले. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. रात्री-बेरात्री स्वतः वॉर्डात येऊन ते खात्री करत. लघवीची नळी घालणे हे हलके काम समजले जाई. ते डॉक्टरांनी, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने करायचे, असा नियम झाला. परिचारिका वैतागल्या, सहकारी डॉक्टर हसले. हा जर्मन माणूस विक्षिप्त आहे, असे बोलले जाई. स्वभावही मऊ नव्हता. रागावले की आवाज वॉर्डभर घुमे. रुग्ण मात्र त्यांना पॉपा म्हणत. जखमा भरू लागल्या, ताप उतरू लागले, माणसे मरेनाशी झाली.

आता नवाच प्रश्न उभा राहिला, जो आधी कुणाला पडलाच नव्हता, कारण तोवर रुग्ण जिवंतच राहत नसत. वीस-बावीस वर्षांचा हा मुलगा पुढची चाळीस वर्षे काय करणार? गुटमन यांनी रुग्णालयातच सुतारकामाच्या आणि घड्याळदुरुस्तीच्या कार्यशाळा काढल्या. आणि व्यायाम सुरू केला. सैन्यातला एक शारीरिक प्रशिक्षक मदतीला आला. आधी खाटेवर डंबेल, चेंडूची फेकाफेक, मग खुर्चीत बसून मुष्टियुद्धाच्या गोळ्यावर ठोसे. एकदा रुग्ण हातातल्या काठ्या उलट्या धरून अंगणात चकती ढकलत खेळताना त्यांना दिसले. त्यातून व्हीलचेअर पोलो निघाला. स्वतः गुटमन खुर्चीत बसून खेळायला उतरले. तो खेळ इतका आडदांड झाला की बंद करावा लागला, आणि त्याची जागा बास्केटबॉलने घेतली.

पण त्यांचा लाडका खेळ होता तिरंदाजी, आणि यात शरीरशास्त्र होते. पाठीच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखा पसरलेला जो स्नायू आहे, जिममधली मुले ज्याला लॅट्स म्हणतात, त्याचे एक टोक दंडाच्या हाडाला आणि दुसरे थेट कमरेच्या हाडापर्यंत जाते. पण त्याला हुकूम देणारी नस निघते मानेतून. म्हणजे कणा छातीच्या पातळीवर तुटला तरी हा स्नायू जिवंतच राहतो. वरचे चालते अंग आणि खालचे बंद पडलेले अंग यांच्यामधला तो पूल आहे. तो कमावला तर लुळ्या कमरेवर धड पेलता येते, आधाराशिवाय बसता येते, बसल्या जागी तोल कळू लागतो. धनुष्याची दोरी खेचताना नेमका हाच स्नायू राबतो. शिवाय तिरंदाजीत खुर्चीतला माणूस चालत्या माणसाशी बरोबरीने भिडू शकतो, वेगळे नियम लागत नाहीत. पोहण्याचेही तसेच. पाणी वजन पेलते, दंड आणि पाठ काम करतात.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्‌घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ रुग्णांनी, १४ पुरुष आणि २ स्त्रियांनी, तिरंदाजीची स्पर्धा खेळली. दिवस मुद्दाम निवडलेला होता. १९५२ मध्ये हॉलंडचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये ऑलिम्पिक संपल्यावर रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. आज ती पहिली पॅरालिम्पिक मानली जाते. तिथे एक गोष्ट घडली, जी जिना असलेल्या प्रत्येक जिमच्या मालकाने ऐकावी. खेळाडूंना मिळालेल्या इमारती खांबांवर उभ्या होत्या आणि वर जायला जिनेच होते. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंना सैनिकांनी उचलून वर-खाली नेले. १९७२ मध्ये ऑलिम्पिक म्युनिकला झाले, पण पॅरालिम्पिकला तिथली क्रीडानगरी मिळाली नाही. ती खासगी घरांसाठी रिकामी करायची होती. स्पर्धा हायडेलबर्गला हलवावी लागली.

आणि हायडेलबर्गच्या त्या तलावात एक मराठी माणूस उतरला. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. लष्करात कारागीर आणि उत्तम मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्याजवळ अडकली, कमरेखालचे अंग गेले. उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरले. क्रिकेटपटू विजय मर्चंट अपंगांसाठी काम करत, त्यांनी मदतीचा हात दिला. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने पहिल्यांदा भाग घेतला, तेव्हा पेटकर टेबल टेनिस खेळले. हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. वैयक्तिक ऑलिम्पिक किंवा पॅरालिम्पिक सुवर्ण भारतीयाने जिंकण्याची ती पहिली वेळ. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ मध्ये. मधली ४६ वर्षे बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

स्पर्धेच्या या झगमगाटात गुटमन यांचे दुसरे काम झाकले जाते, आणि जिममधल्या प्रशिक्षकाला तेच अधिक उपयोगी आहे. १९४७ मध्ये त्यांनी डेव्हिड व्हिटरिज या शरीरशास्त्रज्ञासोबत एक निबंध प्रसिद्ध केला. कणा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत तुटलेल्या रुग्णाचे मूत्राशय भरले की त्याचा रक्तदाब एकाएकी प्रचंड चढतो, हे त्यांनी दाखवले. रुग्णाला खाली काही जाणवत नाही, पण डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. तुंबलेली लघवी, घट्ट आवळलेला पट्टा, खाली दबलेली बोचरी वस्तू, एवढेही कारण पुरते. अशा वेळी माणसाला आडवे करायचे नाही. सरळ बसवायचे, कपडे आणि पट्टे सैल करायचे, नळी मुडपली आहे का पाहायचे आणि उतार पडला नाही तर ताबडतोब डॉक्टर गाठायचा. चक्कर आली समजून पाय वर करून झोपवणे, ही जिममधली सवय इथे जिवावर बेतू शकते.

घामाचेही तेच. इजेच्या खाली घाम येत नाही किंवा फारच कमी येतो, म्हणून शरीर थंड होत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत, पंखा कोपऱ्यात आणि एसी बंद, अशा खोलीत जोरात व्यायाम केला तर असा माणूस इतरांच्या आधी तापतो. तोंडावर थेट येणारा पंखा आणि पाण्याची फवारणीची बाटली, एवढ्याने बरेच भागते. कडक बाकड्यावर फार वेळ बसू नये, गादी खाली घ्यावी आणि अधूनमधून हातांवर भार देऊन अंग उचलावे. गुटमन यांचा कूस बदलण्याचा नियमच तो, खुर्चीतला. पायांची हाडे वापराअभावी ठिसूळ होतात, म्हणून उचलून बसवताना झटका नको. आणि खुर्ची ढकलून खांदे आधीच दमलेले असतात, तेव्हा ढकलण्यापेक्षा ओढण्याचे व्यायाम जास्त हवेत. म्हणजे पुन्हा लॅट पुलडाउन.

व्यायाम किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिव्यांगांचा पहिल्यांदा वेगळा विचार केला, आणि प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम व दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, हेच माप त्यांनाही लावले. कण्याची इजा असलेल्यांसाठी तज्ज्ञांनी सुरुवातीचे माप याहून सोपे ठेवले आहे. आठवड्यातून दोनदा २० मिनिटे दम लागेल असा व्यायाम, आणि दोनदा मुख्य स्नायूंसाठी वजने. एवढे करायला जागा मात्र हवी. आज अशा माणसाला मधुमेह आणि हृदयविकार जास्त गाठतात, कारण शरीराचा मोठा भाग हालत नाही. १९१७ चा खाणकामगार जखमांनी गेला, त्याचा आजचा भाऊबंद बसून राहिल्याने जातो.

१९६९ मध्ये गुटमन यांनी स्टोक मँडव्हिलमध्ये रुग्णालयाच्या शेजारीच अपंगांसाठी क्रीडासंकुल उभे करून घेतले. राणी एलिझाबेथ यांनी त्याचे उद्‌घाटन केले. उपचारांच्या खोलीतून निघालेला माणूस थेट खेळाच्या जागेत जावा, मधे खंड पडू नये, हा विचार त्यामागे होता. नेरूळची मांडणी गमतीने तशीच आहे. डी. वाय. पाटील विद्यापीठाचे रुग्णालय आणि फिजिओथेरपीचे महाविद्यालय इथे, आणि हाकेच्या अंतरावर तेच नाव असलेले स्टेडियम, जिथे २०२५ मध्ये भारताच्या महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला. पण फिजिओथेरपी संपते आणि माणूस घरी जातो, त्यानंतर पुढचा पल्ला असतो तो घराजवळच्या सेक्टरमधल्या जिमचा. तिथे साखळी तुटते. उद्यानांतल्या खुल्या व्यायामशाळा फुकट आणि तळमजल्यावर, हे खरे. पण तिथलीही बहुतेक यंत्रे उभ्याने किंवा पायांनी चालवायची.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाच्या सुविधा त्यांना वापरता येतील अशा करण्याची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे करा, असे केंद्राला बजावले. मापे अवघड नाहीत. उताराला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी. दीड फुटाच्या तीन पायऱ्यांसाठी अठरा फूट. दार ९० सेंटिमीटर. खुर्ची वळायला १५० सेंटिमीटरची मोकळी जागा, जी एक यंत्र हलवले तर बहुधा निघते. बाजूला सरकणारे बाकडे असलेली केबल यंत्रे बाजारात मिळतात. सगळ्यांत आधी मात्र खुर्ची आत जाईल असे शौचालय हवे. ज्याला दर काही तासांनी नळीने मूत्राशय रिकामे करावे लागते, तो शौचालय नसलेल्या जिममध्ये महागड्यातले महाग यंत्र असले तरी जाणार नाही. मालकांच्या यादीत हे नेहमी शेवटी असते, गुटमन यांच्या यादीत ते पहिले होते.

गुटमन यांच्या कामाला मर्यादाही होत्या. त्यांच्या स्पर्धा बराच काळ फक्त कण्याच्या इजेपुरत्या राहिल्या. हात-पाय गमावलेले आणि दृष्टिहीन खेळाडू पॅरालिम्पिकमध्ये आले ते १९७६ मध्ये, टोरांटोला. आजच्या जिमनेही रॅम्प बांधून हात झटकू नयेत. दृष्टिहीन माणसाला मोकळी वाट आणि हाताला कळतील असे आकडे हवेत, कर्णबधिराला समोर उभे राहून करून दाखवणारा प्रशिक्षक.

१९६६ मध्ये गुटमन यांना सर हा किताब मिळाला, १९७६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी अपंगांच्या खेळावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक निघाले. त्यात प्रत्येक खेळ कोणत्या इजेला चालेल आणि त्यात कोणता स्नायू काम करतो, याची डॉक्टरी चर्चा आहे. १८ मार्च १९८० रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. स्टोक मँडव्हिलचे क्रीडासंकुल आजही चालू आहे आणि कण्याच्या इजेचे रुग्ण शेजारच्या रुग्णालयातून तिथे येतात.